निसर्गाची साक्ष पुरेशी नाही

धातूच्या पातळ पत्र्याच्या कडेवर प्रत्येक ठिकाणचे तापमान ठरवून दिले, ते तसेच राखले आणि पुरेसा वेळ जाऊ दिला, तर पत्र्याच्या आत तापमान कसे पसरेल? गणितात हा प्रश्न लाप्लासच्या समीकरणाने मांडतात. त्या समीकरणाचा अर्थ असा की, आतल्या कोणत्याही बिंदूचे तापमान हे त्याच्याभोवती काढलेल्या लहान वर्तुळावरच्या तापमानांच्या सरासरीइतके असते. कडेवरची मूल्ये दिलेली आहेत, आतले फलन शोधायचे आहे. याला डिरिक्लेचा प्रश्न म्हणतात. ताणलेल्या पडद्याचा आकार, विद्युतभारांभोवतीचे व्होल्टेज, जमिनीखालच्या पाण्याचा दाब, वस्तुमानाबाहेरचे गुरुत्वाकर्षण यांच्यासाठीही हेच समीकरण किंवा त्याची भावंडे वापरली जातात. या कुळाला विवृत्तीय आंशिक अवकल समीकरणे असे नाव आहे. वेळ संपून समतोल आला की काय उरते, ते ही समीकरणे सांगतात, आणि म्हणूनच त्यांच्यात आतला प्रत्येक बिंदू साऱ्या सीमेवर एकाच वेळी अवलंबून असतो. आता गणिती विचारतो : या प्रश्नाला उत्तर आहे का? उत्तर कोणते, हे नंतर. मुळात ते आहे का? समीकरणे रोज वापरणाऱ्या पुष्कळांना ही शंका निरर्थक वाटते. पत्रा समोर आहे, त्याला काही ना काही तापमान असणारच, मग उत्तर नसेल कसे? या लेखाचे म्हणणे असे की, या युक्तिवादात एक खोल चूक आहे. पत्र्याला तापमान आहे, एवढ्यावरून आपल्या समीकरणाला उत्तर आहे असे ठरत नाही. अस्तित्वाच्या सिद्धतेत परीक्षा होते ती आपण विचारलेल्या प्रश्नाची. निसर्गाला तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभे केलेले नसते.

ही चूक सामान्य माणसांनी केलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. 1828 मध्ये नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ग्रीनने वीज आणि चुंबकत्वावरचा आपला निबंध वर्गणीदारांच्या बळावर छापला. त्याच्या नावाने आज ओळखले जाणारे फलन असतेच, हे पटवताना त्याने भौतिक चित्र पुढे केले. जमिनीशी जोडलेल्या वाहकाच्या आत एक बिंदुभार ठेवा. वाहकावर प्रवर्तित भार जमा होईल, आणि दोहोंचे मिळून जे व्होल्टेज तयार होईल तेच हवे असलेले फलन. गाऊसने 1840 च्या सुमारास भारांच्या वाटणीची ऊर्जा किमान करण्याची कल्पना वापरली, विल्यम थॉमसनने 1847 मध्ये त्याच जातीचा विचार मांडला आणि डिरिक्लेने तो आपल्या व्याख्यानांतून शिकवला. विचार थोडक्यात असा : सीमेवर दिलेली मूल्ये घेणारी सगळी फलने समोर ठेवा. प्रत्येकाची एक ऊर्जा असते, म्हणजे उताराच्या वर्गाची साऱ्या क्षेत्रावरची बेरीज. ती कधी ऋण होत नाही, म्हणून कोणत्या तरी फलनाची ऊर्जा सर्वांत कमी असणार. ते फलन लाप्लासचे समीकरण पाळते, हे दाखवणे सोपे आहे. रीमानने 1851 च्या प्रबंधात आणि पुन्हा 1857 च्या लेखात याच तत्त्वावर आपल्या फलन-सिद्धांताची इमारत उभी केली आणि तत्त्वाला आपल्या गुरूचे, डिरिक्लेचे, नाव दिले.

14 जुलै 1870 रोजी बर्लिनच्या अकादमीसमोर वायरश्ट्रासने या युक्तिवादातला ‘म्हणून’ हा शब्द मोडला. ऊर्जेला खालून मर्यादा आहे, हे खरे. पण त्या मर्यादेवर उभे असलेले फलन आहे, हे त्यातून निघत नाही. त्याचे उदाहरण शाळकरी कलनाने तपासता येते. −1 पासून 1 पर्यंत एक रस्ता न्यायचा आहे. आरंभी उंची 0, शेवटी 1. खर्च मोजायचा तो उताराचा वर्ग गुणिले मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग, अशी बेरीज करून. मध्यापाशी चढण स्वस्त आहे, म्हणून सारी चढण मध्याभोवतीच्या अरुंद पट्ट्यात उरकली तर खर्च घटतो. पट्टा दोन्ही बाजूंना ε इतका घेतला तर खर्च भरतो ε/6. पट्टा हवा तितका अरुंद करता येतो, म्हणजे खर्च शून्याच्या हवा तितका जवळ नेता येतो. पण खर्च नेमका शून्य व्हायचा तर मध्य सोडून सर्वत्र रस्ता सपाट हवा, आणि तसा संतत रस्ता वर चढूच शकत नाही. सर्वांत स्वस्त रस्ता नाही. रस्त्यांची फक्त एक न संपणारी रांग आहे. रीमान 1866 मध्येच, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, वारला होता. त्याच्या वतीने उत्तर द्यायला तो नव्हता.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. रीमानची प्रमेये पुढे खरी निघाली. वायरश्ट्रासच्याच शिष्याने, हर्मान श्वार्ट्झने, एकमेकांवर येणाऱ्या क्षेत्रांवर आळीपाळीने प्रश्न सोडवत जाण्याची पद्धत काढली. कार्ल नॉयमानने बहिर्वक्र क्षेत्रांसाठी वेगळा मार्ग दिला. प्वांकारेने 1890 मध्ये भार झाडून सीमेकडे नेण्याची पद्धत मांडली. आणि 1900 मध्ये गटिंगेनच्या हिल्बर्टने खुद्द डिरिक्लेच्या तत्त्वाचेच पुनर्वसन केले. ऊर्जा घटवत नेणाऱ्या फलनांच्या क्रमिकेतून अभिसारी उपक्रमिका निवडता येते, आणि तिची परिसीमा म्हणजेच हवे असलेले फलन, हे त्याने योग्य अटींखाली दाखवले. मग वायरश्ट्रासच्या आक्षेपाने काय साधले? तीस वर्षे खर्च करून आपण निघालो तिथेच आलो, असे कोणी म्हणू शकेल. माझ्या मते हा निष्कर्ष वस्तुस्थितीच्या उलट आहे. रीमान तरला तो त्याच्या क्षेत्रांमुळे. सपाट प्रतलात, ज्या क्षेत्राच्या सीमेचा कोणताही तुकडा एकुलता एक बिंदू नाही, तिथे डिरिक्लेचा प्रश्न नेहमी सुटतो. तेच शब्द, तोच युक्तिवाद त्रिमितीत वापरला असता तर त्याने चुकीचे विधान ‘सिद्ध’ केले असते, हे पुढे येईलच. शिवाय युक्तिवाद दुसऱ्या बाजूनेही गळतो. 1871 मध्ये प्रिमने आणि 1906 मध्ये आदामारने वर्तुळावरची अशी संतत सीमामूल्ये दिली की, त्यांच्यासाठी उत्तर व्यवस्थित अस्तित्वात आहे, पण त्याची ऊर्जा अनंत आहे. तिथे किमान ऊर्जा शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती एकही उमेदवार लागत नाही. म्हणजे तत्त्व जिथे उत्तराचे वचन देते तिथे उत्तर नसू शकते, आणि जिथे उत्तर आहे तिथे तत्त्व मुके असू शकते. शेवटी खरे ठरलेले निष्कर्ष त्या युक्तिवादाच्या खात्यावर जमा करता येत नाहीत.

वायरश्ट्रासचे उदाहरण मुद्दाम रचलेले होते आणि त्यात लाप्लासचे समीकरण कुठेच नव्हते. ही पळवाट क्राकूवच्या झारेम्बाने 1911 मध्ये बंद केली. त्याचे उदाहरण इतके साधे आहे की, ते इतक्या उशिरा यावे याचे नवल वाटते. एकक त्रिज्येची चकती घ्या आणि तिचा मध्यबिंदू क्षेत्रातून वगळा. आता सीमेचे दोन भाग झाले : बाहेरचे वर्तुळ आणि मधला एकटा बिंदू. वर्तुळावर मूल्य 0 द्या, मध्यावर 1. वर्तुळाकार चौकटीवर ताणलेला पडदा मधोमध एका टोकावर उचलून धरलेला आहे, असे हे चित्र. या प्रश्नाला उत्तर नाही. मर्यादित राहणारे हरात्मक, म्हणजे लाप्लासचे समीकरण पाळणारे, फलन एका वगळलेल्या बिंदूची दखलच घेत नाही. तो बिंदू भरून काढूनही ते हरात्मकच राहते, आणि मग वर्तुळावर शून्य असल्यामुळे सर्वत्र शून्य होते. ऊर्जेच्या भाषेत हेच अधिक स्पष्ट दिसते. बिंदूऐवजी ε त्रिज्येची लहान टोपी घेऊन पडदा उचलला, तर प्रश्न सुटतो आणि ऊर्जा 2π भागिले ln(1/ε) इतकी येते. टोपीची त्रिज्या एक सहस्रांश असेल तर ऊर्जा सुमारे 0.91, एक दशलक्षांश असेल तर 0.45. टोपी बिंदूकडे सरकत जाते तशी ऊर्जा शून्याकडे सरकते, पण शून्यावर पोचत कधीच नाही. 1870 चा तो रचलेला रस्ता इथे लाप्लासच्या समीकरणाच्या घरातच सापडतो.

दोनच वर्षांत लबेगने त्रिमितीतले उदाहरण दिले, आणि ते अधिक अस्वस्थ करणारे आहे, कारण तिथे एकटा पडलेला बिंदू नाही. क्षेत्राच्या आत बाहेरून एक काटा घुसलेला आहे; तो टोकाकडे अतिशय वेगाने बारीक होत जातो. काट्याच्या पृष्ठभागावर मूल्ये संतत आहेत, सीमा एकसंध आहे, तरी टोकापाशी आतून येणारे फलन दिलेल्या मूल्याला पोचत नाही. किती बारीक म्हणजे फार बारीक? या प्रश्नाला 1924 मध्ये नॉर्बर्ट वीनरने जे उत्तर दिले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर पान वाटते. त्याने विद्युतशास्त्रातली धारकतेची कल्पना घेतली. ज्या बिंदूची परीक्षा करायची त्याच्याभोवती एकाच्या आत एक, निम्म्या-निम्म्या त्रिज्येची कवचे कल्पायची; प्रत्येक कवचात सीमेपलीकडचा जो भाग येतो त्याची धारकता मोजायची, तिला त्या कवचाच्या आकाराने भागायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज अनंत झाली तर त्या बिंदूवर सीमामूल्य घेतले जाते. सान्त राहिली तर घेतले जात नाही. ही कसोटी दोन्ही बाजूंनी नेमकी आहे. काट्याची जाडी टोकापासूनच्या अंतराच्या दहाव्या किंवा शंभराव्या घाताने घटत असेल तरी टोक चालते. ती घातांकी वेगाने, e च्या −1/x या घाताप्रमाणे, घटत असेल तर चालत नाही. 1944 मध्ये काकुतानीने याच गोष्टीला यदृच्छेची वाचा दिली : बिंदूपासून निघालेला, दिशाहीन भटकणारा कण सीमेला जिथे प्रथम धडकतो तिथले मूल्य घ्या; अशा असंख्य भटकंतींची सरासरी म्हणजे उत्तर. काट्याचे टोक फार बारीक असेल तर टोकाजवळून निघालेला कणही त्याला चुकवून दूर जाऊ शकतो. सीमा तिथे आहे, पण भटकणाऱ्या कणाला ती सापडत नाही.

या शोधाने आपल्याला जे शिकवले ते ‘काही क्षेत्रे वाईट असतात’ एवढेच नाही. डिरिक्लेच्या प्रश्नात ‘सीमा’ हा शब्द आपण भूमितीतून उचलून आणला होता : जिथे क्षेत्र संपते ती जागा. समीकरणाची सीमेची कल्पना वेगळी आहे. त्याच्या लेखी धारकता शून्य असलेला संच सीमा नसतोच. अस्तित्वाचा प्रश्न कोणी धसास लावला नसता, तर ही दुसरी कल्पना कधी सापडली असती असे वाटत नाही; भौतिक अंतर्ज्ञान आपल्याला भूमितीच दाखवत राहिले असते.

आता भौतिकशास्त्रज्ञाचा आक्षेप घेऊ. तो म्हणेल, खऱ्या सुईला जाडी असते, खऱ्या काट्याचे टोक अणूपाशी संपते, म्हणून ही उदाहरणे निसर्गाला लागू नाहीत. मान्य आहे, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. निसर्गात बिंदू नाही, पण आपल्या प्रश्नात तो होता. उत्तर नाही असे कळले तेव्हा निसर्ग कुठेही अडला नाही. अडले ते आपले आदर्शीकरण, आणि जाडी टाकून देता येत नाही हे आपल्याला कळले. निसर्ग स्वतः हा धडा कसा देतो, हे साबणाच्या पापुद्र्यात उघड दिसते. समान त्रिज्येची दोन वर्तुळाकार कडी समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये पापुद्रा ताणला, तर तो मध्ये निमुळत्या नळीसारखा दिसतो. किमान पृष्ठभागाच्या अरैखिक विवृत्तीय समीकरणाचे ते उत्तर आहे. कडी लांब नेत गेलो आणि अंतर त्रिज्येच्या सुमारे 1.33 पटीपलीकडे गेले की तसे नळीसारखे उत्तर गणितात उरत नाही. पापुद्रा त्या क्षणी फुटतो आणि दोन कड्यांवर दोन वेगळ्या सपाट चकत्या उरतात. निसर्गाने ‘काहीतरी’ केलेच. पण आपण ज्या प्रकारच्या उत्तराबद्दल विचारत होतो ते दिले नाही. समतोल नेहमी असतो म्हणून आपण कल्पिलेला समतोलही असतो, हे अनुमान इथे डोळ्यांदेखत तुटते.

सीमेवर मूल्याऐवजी प्रवाह दिला तर हा धडा आणखी सोपा होतो. पत्र्याच्या आत सर्वत्र उष्णता निर्माण होत आहे आणि कडा पूर्ण उष्णतारोधक आहेत. स्थिर तापमान शोधा. समीकरण लिहिता येते, सीमेची अट लिहिता येते, कागदावर प्रश्न अगदी सुबक दिसतो, आणि त्याला उत्तर नाही. कारण उघड आहे : उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही, पत्रा तापतच जाणार, स्थिर अवस्था येणारच नाही. अस्तित्वाचा अभाव हा इथे गणिताचा दोष नसून भौतिकशास्त्राचे खरे विधान आहे. उत्तर हवे असेल तर आत निर्माण होणारी आणि कडेने बाहेर जाणारी उष्णता यांचा हिशेब जुळला पाहिजे. तो जुळला की उत्तर मिळते, पण एकच मिळत नाही. साऱ्या पत्र्याचे तापमान सारखे वाढवले तरी ते उत्तरच राहते. एक अट घालावी लागली आणि एक मोकळीक मिळाली. या दोन संख्या सारख्या असणे हा योगायोग नाही, हे स्वीडनच्या फ्रेडहोल्मने 1900 ते 1903 या काळात समाकल समीकरणांच्या अभ्यासातून दाखवले. त्याने दिलेला पर्याय असा : एक तर प्रत्येक दिलेल्या माहितीसाठी नेमके एक उत्तर असते, किंवा शून्य माहितीलाही शून्येतर उत्तरे असतात, आणि तेव्हा माहितीवर नेमक्या तितक्याच अटी येतात. ‘सुटतो की नाही’ या प्रश्नाचे रूपच इथे बदलले. होय किंवा नाही यांच्या जागी आता विचारायचे ते असे : किती अटींवर सुटतो, आणि किती मोकळीक ठेवून?

पण हा समतोल समीकरण विवृत्तीय असल्यामुळे फुकट मिळतो, असा समज झाला तर तोही टिकत नाही. 1948 मध्ये बित्साद्झेने दोन समीकरणांची एक विवृत्तीय संहती दिली. ती संमिश्र संख्यांच्या भाषेत एका ओळीत मावते : संयुग्मी चलाबाबतचा दुसरा अवकलज शून्य. एकक चकतीवर, सीमेवर मूल्य शून्य ठेवून, तिला किती उत्तरे आहेत? 1 वजा केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग घ्या आणि त्याला सीमेपर्यंत सुस्थित अशा कोणत्याही वैश्लेषिक फलनाने गुणा. प्रत्येक गुणाकार हे उत्तर आहे. शून्य माहितीला अनंत स्वतंत्र उत्तरे. फ्रेडहोल्मचा हिशेब इथे कोलमडतो, जरी समीकरणाच्या आतल्या स्वभावात काही दोष नाही. दोष आहे तो समीकरण आणि सीमेची अट यांच्या जोडीत. पुढे शापिरो आणि लोपातिन्स्की यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी ही जोडी सीमेच्या प्रत्येक बिंदूपाशी तपासते. आदामारचे आणखी एक उदाहरण याच्याच उलट टोकाला आहे : लाप्लासच्या समीकरणाला सीमेच्या एकाच भागावर मूल्य आणि उतार दोन्ही दिले, तर माहितीतली डोळ्याला न दिसणारी लहर आत जाता जाता प्रचंड होते. समीकरण तेच, पण प्रश्न भलत्या जागी विचारलेला.

आजचा सर्वांत प्रबळ आक्षेप मात्र संगणकाच्या बाजूने येतो. फायनाइट एलिमेंट पद्धतीने पूल, धरणे, विमानाचे पंख यांची गणिते रोज होतात. जाळी बारीक करत नेली की आकडे स्थिरावतात. मग अस्तित्वाची सिद्धता कोणाला हवी? याचे उत्तर तत्त्वाने देण्यापेक्षा एका पट्टीने द्यावे. कडेवर नुसती टेकवलेली, म्हणजे अभियंत्यांच्या भाषेत सिंपली सपोर्टेड, गोल पट्टी घ्या आणि तिच्यावर सर्वत्र सारखा भार ठेवा. वर्तुळाच्या जागी आत बसणारा सुसम बहुभुज घेऊन गणित करा. बाजू शंभर करा, हजार करा, दहा हजार करा. बहुभुज वर्तुळाला मिळत जातो, प्रत्येक बहुभुजाचे गणित अचूक आहे, आणि आकडे छान स्थिरावतात. ते चुकीच्या उत्तरावर स्थिरावतात. पोलादासाठी नेहमी धरतात तसे पॉयसाँ गुणोत्तर 0.3 घेतले, तर मध्याची खरी वाक योग्य एककात 4.08 असताना बहुभुजांची वाक 3 कडे जाते, म्हणजे सुमारे 26 टक्क्यांनी कमी. वाक कमी दाखवणे म्हणजे धोक्याच्या बाजूने चुकणे. इवो बाबुश्काच्या नावाने ओळखला जाणारा हा विरोधाभास 1960 च्या दशकाच्या आरंभी पुढे आला. कारण सीमेच्या अटीत आहे. टेकवलेल्या कडेची अट कडेच्या वक्रतेवर अवलंबून असते; बहुभुजाची प्रत्येक बाजू सरळ, तिची वक्रता शून्य. बाजू कितीही वाढवल्या तरी ती शून्यच राहते, आणि वर्तुळाची वक्रता गणितात कधी शिरतच नाही. क्षेत्र क्षेत्राजवळ गेले, प्रश्न मात्र प्रश्नाजवळ गेला नाही. आकडे स्थिरावले, एवढ्यावरून ते आपल्याच प्रश्नाचे उत्तर आहेत असे मानता येत नाही. झारेम्बाच्या पडद्याचे गणित जाळीवर केले तर फसगत अधिक मंद आहे : मधल्या गाठीवर 1 ठेवला की एक सुंदर शिखर दिसते, जाळी बारीक केली की ते लॉगरिदमच्या गतीने, म्हणजे इतके हळू, बसते की दोन-तीनदा बारीक करून पाहणाऱ्याला काही हलल्याचे कळणारही नाही. उत्तर नसलेल्या प्रश्नालाही संगणक आकडे देतो. उत्तर कोणत्या अर्थाने आहे आणि माहिती थोडी बदलली तर ते किती हलते, हे सांगणारी प्रमेये हाच त्या आकड्यांवरच्या विश्वासाचा आधार आहे.

राहिला तो आक्षेप जो गणिताच्या आतून येतो, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. हिल्बर्टने 1900 मध्ये मांडलेल्या तेवीस प्रश्नांपैकी विसावा असा की, प्रत्येक नियमित चलन-प्रश्नाला, म्हणजे ऊर्जेसारखी राशी किमान करणारे फलन शोधण्याच्या प्रश्नाला, योग्य सीमा-अटींखाली, आणि गरज पडल्यास ‘उत्तर’ या कल्पनेचा विस्तार करून, उत्तर असते का? शेवटची सवलत पाहून कोणीही विचारील : उत्तर नसेल तर उत्तराची व्याख्याच बदलायची, मग सुटले नाही असे काय उरेल? विसाव्या शतकाने हेच केले. सोबोलेव्हने 1930 च्या दशकात अशी फलने घेतली ज्यांचे अवकलज बिंदूगणिक नसून केवळ सरासरीच्या अर्थाने असतात. 1954 च्या लॅक्स-मिलग्राम प्रमेयाने अशा दुर्बल उत्तरांचे अस्तित्व जवळजवळ हिल्बर्ट अवकाशाच्या भूमितीतूनच मिळवून दिले. आक्षेप खरा ठरला असता, जर कथा इथेच थांबली असती. पण दुर्बल उत्तर हे कर्ज आहे, आणि ते फेडावे लागते : मिळालेले फलन खरोखर गुळगुळीत आहे, समीकरण बिंदूगणिक पाळते, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. लाप्लासच्या समीकरणासाठी वाइलने ते 1940 मध्ये फेडले. खडबडीत गुणक असलेल्या समीकरणांसाठी प्रश्न तुंबून राहिला, आणि 1957 च्या आसपास दे जॉर्जीने इटलीत व जॉन नॅशने अमेरिकेत, एकमेकांची माहिती नसताना, तो सोडवला. व्याख्या सैल केल्याने जे सोपे झाले होते त्याचे सारे काठिण्य इथे परत भेटले. आणि कर्ज नेहमी फिटतेच असेही नाही : 1968 मध्ये त्याच दे जॉर्जीने दाखवले की, एका समीकरणाऐवजी समीकरणांची संहती घेतली तर दुर्बल उत्तर एका बिंदूपाशी अमर्याद वाढू शकते. जी व्याख्या काहीही पचवायला रचलेली असती तिला असे प्रत्युदाहरण भेटले नसते. उत्तराची कल्पना विस्तारणे ही पळवाट ठरत नाही, कारण विस्ताराने दोन प्रश्न वेगळे केले : उत्तर आहे का, आणि ते किती नितळ आहे. रीमानच्या युक्तिवादात हे दोन्ही एकाच श्वासात उरकले होते.

हे सगळे आता निकालात निघालेले आहे, असे समजू नये. 1933 मध्ये ज्याँ लरे याने चिकट, दाबल्याने न आकसणाऱ्या द्रवाच्या स्थिर प्रवाहाचा प्रश्न घेतला. समीकरणे नावियर-स्टोक्सची, सीमेवर वेग दिलेला. क्षेत्राची सीमा अनेक सुट्या तुकड्यांची असेल, मध्ये भोके असलेल्या भांड्यासारखी, तर आवश्यक अट एकच दिसते : जितका द्रव आत येतो तितकाच एकूण बाहेर जावा. लरेची सिद्धता मात्र याहून जास्त मागते. सीमेच्या प्रत्येक तुकड्यावर आवक-जावक वेगवेगळी जुळली पाहिजे. ही जादा अट निसर्गाची आहे की सिद्धतेची? कोरोबकोव्ह, पिलेत्स्कास आणि रुस्सो या तिघांनी प्रतलातल्या आणि अक्षाभोवती सममित क्षेत्रांसाठी 2015 मध्ये दाखवले की ती नको आहे, एकूण हिशेब जुळला की स्थिर प्रवाह असतोच. सर्वसाधारण त्रिमितीय क्षेत्रासाठी प्रश्न अजून उघडा आहे. लहान प्रवाहांबाबत अडचण नाही. मोठ्या प्रवाहांबाबत एकतर नवी सिद्धता मिळेल, किंवा असे एखादे भांडे सापडेल ज्यात एका तुकड्यातून शिरणारा आणि दुसऱ्यातून निघणारा द्रव एकूण हिशेबात चोख असूनही कोणत्याच स्थिर प्रवाहात बसू शकत नाही. तसे भांडे सापडले, तर स्थिरतेच्या आड येणारी अशी एक गोष्ट आपल्या हाती येईल जिचे नाव आज भौतिकशास्त्राच्या कोशात नाही.